अकरा किलोमीटर

दादा,

तुझ्या चारही जुन्या गाड्या माझ्या शेडमध्ये ठणठणीत आहेत. स्वस्तात घेतल्यास तेव्हा बजावलं होतंस, "वीस वर्षांनी लोक यांच्यामागे वेडे होतील. पण चालवू नकोस. मीटर वाढलं की भाव पडला."

आईला धाप लागली त्या दुपारीही फोनवर तू तेच म्हणालास, आणि मी गाढवासारखं ऐकलं. दवाखाना अकरा किलोमीटरवर होता. टॅक्सी येईपर्यंत आई गेली.

महिन्याभरात मी ड्रायव्हिंग क्लास काढला. तुझ्या पांढऱ्या गाडीवर गल्लीतल्या नऊजणी शिकल्या, आता लाल झिजतेय. पहिला धडा सगळ्यांना एकच: दवाखान्यापर्यंत जाऊन यायचं.

हे पत्र टाकत नाही, पांढरीच्या कप्प्यात ठेवते. मीटर बघून गिऱ्हाईक पाठ फिरवेल, तेव्हा वाच.

आता तुझं न ऐकणारी,
धाकटी