आठव्या दिवशीच्या बैठका

बडोदे, १९३८

तीर्थरूप आबा,

साष्टांग नमस्कार लिहितोय. गुडघा वाकत नाही, म्हणून घालता येत नाही.

कुस्तीत गुडघा निखळला, तेव्हा डॉक्टरांनी सांधा धरून ठेवायला माझ्याच मांडीमागची शीर काढून त्यात ओवली. तीन महिने पाय हलवू नका, म्हणाले. तुम्ही आठव्या दिवशी मला आखाड्यात उभं केलंत. "पैलवानाचा पाय अंथरुणात कुजतो. मार पन्नास बैठका!" एकोणिसाव्या बैठकीला शीर तुटली. पुन्हा कापायला डॉक्टर तयार झाले नाहीत.

परवा मांडवीच्या बाजारात पडून तुमचा खुबा मोडला. हाड जुळेपर्यंत हलायचं नाही, असं तेच डॉक्टर म्हणालेत.

हे पत्र टाकत नाही, तुम्ही सावध व्हाल. उद्या आई कीर्तनाला गेली, की येतो. पन्नास मी मोजेन.

तुमचा आज्ञाधारक,
सुभान