लिंकरला दिलेला घरचा पत्ता

चिरंजीव जावईबापू यांस,

आशीर्वाद. तुमचा खोकला आणि आमच्या लेकीचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. तुमच्या सासूबाईंच्या डोळ्यांना अजून बारीक अक्षर लागत नाही, पण जीभ नेहमीसारखीच धारदार आहे. पत्राला कारण म्हणाल तर काही नाही, निव्वळ अभिमान.

छापील पान वाचून दाखवणारा तुमचा तो प्रोग्राम मी एकट्याने चालू केला. "रविवारी येऊन मी करतो, बाबा," असं तुम्ही म्हणाला होतात. पण ज्याने उभी नोकरी पाणीखात्यात नळ जोडण्यात काढली, त्याला दोन सुटे भाग जोडता येऊ नयेत? त्याला लागणारी, अक्षरं ओळखणारी लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, प्रोग्रामचाच तयार सुटा भाग) मी माझ्याच फोल्डरमध्ये बसवली. (नेमून दिलेल्या जागी बसवायला मुख्य पासवर्ड लागतो. तो मी विसरलेलो नाही. आठवत नाही एवढंच.) तर हे भाग जोडणारा जो लिंकर, तो म्हणे लायब्ररी सापडत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मिठाचा डबा समोर असताना मीही हाका मारतो असं सासूबाईंचं म्हणणं आहे, त्यामुळे त्याचा स्वभाव मला लगेच कळला. अशा माणसाला 'नीट शोध' म्हणून उपयोग नसतो, हाताला धरून फडताळापाशी न्यावं लागतं. मी उणे एल, म्हणजे 'इथे बघ' अशी त्याची खूण, लिहून पुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला. (आधी घराचा दिला होता, मजल्यासकट, ते असो.) गडी निमूट कामाला लागला. चालवायला गेलो तर पुन्हा तेच रडगाणं; जोडताना पाहिलेली जागा चालवताना साफ विसरला. मग पडद्यावरच्या, हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत तोच पत्ता वेगळ्या तऱ्हेने लिहिला, आणि यंत्र वाचू लागलं.

आता सासूबाई रोज दुपारी खुर्चीत बसून रहस्यकथा ऐकतात. माझं वाचन त्यांनी कधीच बंद केलंय, कारण मी वाचतो कमी आणि मतं जास्त देतो. पहिलं पान ऐकून त्यांनी डोळे टिपले. जावईबापू, मला फार बरं वाटलं. नोकरीतल्या निरोप समारंभालाही इतकं वाटलं नव्हतं.

आपला, कोणाच्याही मदतीवाचून यशस्वी झालेला,
सासरा

ता. क. : ती खिडकी बंद झाली की पत्ता पुसला जातो, आणि दुसऱ्या वेळी नेमकं काय लिहिलं होतं ते माझ्या लक्षात नाही. म्हणून संगणक बंदच केलेला नाही; त्याच्या आसपास केर काढायलाही मनाई आहे. गुरुवारी मीटर बदलायला माणूस येणार, वीज जाणार, आणि खुनी कोण ते कळायला एकच प्रकरण उरलंय. बुधवारी सहज आल्यासारखे या. सासूबाईंसमोर विषय नको.

आणखी एक : मीटरवाला आजच येऊन गेला. वीज परतली, खिडकी गेली. मी दाराआड उभा राहून, यंत्रासारखा एकेक शब्द तोडत, शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. त्यातल्या वकिलाबद्दल एक मत तेवढं निसटलं, म्हणून दचकून थांबलो. तर सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "अहो, थांबलात का? वाचा पुढे." यंत्राला त्या आजवर कधी अहो म्हणाल्या नव्हत्या. बुधवारी येण्याची घाई करू नका.