बिरूची नोकरी आणि माझी खुर्ची

३ जानेवारी १९९४
बिरू आठ वर्षांचा असताना आम्ही दोघं शाळेच्या ओट्यावर शेंगा सोलत बसायचो. एक शेंग फोडली की तो माझ्याकडे बघायचा. मी ‘व्हेरी गुड’ म्हटलं की पुढची. दाणे बहुतेक मीच खायचे. माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटातल्या सिस्टर असंच म्हणायच्या. त्या दोन शब्दांवर मी भूमिती पास झाले.

तोच बिरू आता अठराचा. मी शिकवते त्या मतिमंद मुलांच्या शाळेतून आज थेट चिकलठाण्याच्या कारखान्यात, पॅकिंगला! महिनाभर चाचणी. जमलं तर कायम. नाही तर गावी काकाच्या मेंढ्यांमागं, आणि मेंढ्यांना तो घाबरतो.

पद्धत अशी: सुरुवातीला शिक्षकानं शेजारी बसायचं, मग हळूहळू मागं सरकायचं. मी आठवड्यात मोकळी होईन. अर्धवट स्वेटर पुरा करणार.

४ जानेवारी
खोक्यात बाटल्या, मध्ये पुठ्ठा, वर झाकण. बिरूचा एकही खोका चुकला नाही. फक्त प्रत्येक खोका झाला की थांबतो आणि माझ्याकडे बघतो. मी ‘व्हेरी गुड’ म्हणते. सुपरवायझर कारभारी म्हणाले, “मॅडम, तुम्ही पाणी प्यायला गेल्या की ह्याचं काम ठप्प.” किती कदर! उद्यापासून थर्मास नेणार, म्हणजे उठायलाच नको.

८ जानेवारी
मागं सरकले. एक फरशी. बिरूला ऐकू जाईना, म्हणून जोरात म्हणावं लागलं. हमाल कचरू दचकला, पेटी त्याच्या पायावर. खुर्ची परत पुढं. घाई बरी नव्हे.

शेजारी काम करणारी सरूबाई म्हणाली, “बाई, आमालाबी म्हना की येकदा. आमी काय घोडं मारलंय?” म्हटलं. मग सगळ्या लाइनलाच म्हणावं लागलं.

११ जानेवारी
घसा बसला. मान डोलावून पाहिली. बिरूला मान पुरत नाही. काम निम्म्यावर.

गेटवर त्याची आई म्हाळसाबाई. “बाई, ठिवतील ना त्याला? मेंढ्यामागं धाडलं की लई रडतो वं.” मी खुणेनं सांगितलं, मी आहे तोवर काळजी नको. का कोण जाणे, ती जास्तच काळजीत पडली.

ज्येष्ठमध. संक्रांत झाली की मागं सरकणार. नक्की.

१५ जानेवारी
काल मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा. आज क्रांती चौकात बंदोबस्त, बस नाही. रिक्षावाला म्हणाला, “आज तो भूल जाओ, मॅडम.”

बिरू मात्र मुकुंदवाडीहून पायी पोचला असणार. पहिला खोका भरून रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला असेल. जेवण गेलं नाही. नोकरी गेलीच म्हणायची. सोमवारी कारभारींच्या हातापाया पडून महिना वाढवून घेईन. दोन महिने. मी बसेन.

१७ जानेवारी
माफीची वाक्यं पाठ करून गेले. बिरूनं खोका बंद केला, मान वर केली, हुबेहूब माझ्या आवाजात स्वतःलाच ‘व्हेरी गुड’ म्हणाला आणि पुढचा खोका ओढला. सिस्टरांचा उच्चारसुद्धा शाबूत!

“शनवारपासनं असंच हाय,” सरूबाई म्हणाली. “आमालाबी म्हनतो. न मागता.”

सवयीनं मी त्याचं झाकण नीट करायला गेले. “टीचर, मधी येऊ नका. साहेब वरडत्याल.”

साहेब, म्हणजे कारभारी, ओरडले नाहीत. म्हणाले, महिना कशाला, बिरू आजपासून पक्का. आणि माझी खुर्ची उचलली. तिथं माल ठेवायचाय.

सगळं माझ्या आखणीप्रमाणे.

१८ जानेवारी
आज गेले नाही. मीच ठरवलं. माझ्या तिथल्या वस्तूंची व्यवस्था अशी:

उशी सरूबाईला, तिची कंबर धरते. थर्मास कारभारींना, चहा गरम राहिला तर माणूस कमी बोलतो. मलमाची डबी कचरूला, पायासाठी. छत्री म्हाळसाबाईला, गेटवर उन्हात उभी असते. आता उभं राहायची गरज नाही, तरी. गेटपास कुणाला देता येणार नाही, तो वॉचमननं कालच ठेवून घेतला.

बिरूला काय द्यावं, सुचेना. काल निघताना त्यालाच विचारलं होतं.

“काय नको टीचर, मला पगार हाय,” म्हणाला. “तुमाला काय पायजे?”

विचार करून सांगते, म्हटलं.