बाजाच्या पेटीमागे

दादा,

तू पाठवलेलं पिस्तूल मी चर्चमधल्या बाजाच्या पेटीमागे लपवलं होतं. प्रार्थनेच्या वेळी दाराला कडी लावायची नाही, हा ह्यांचा पहिल्यापासूनचा हट्ट. धमक्या देणारे ते लोक त्याच दाराने काठ्या घेऊन आत आले. माझा हात पेटीमागे गेला. मार खाता खाता ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मी हात मागे घेतला.

सगळे म्हणतात, पाळकबाबा ख्रिस्तासाठी गेले. गेले असतील. मी मात्र त्या एका नजरेपायी विधवा झाले.

दार अजून उघडंच ठेवते. काल त्यांच्यातलाच एक जण येऊन मागच्या बाकावर बसला. माझ्या तोंडी प्रार्थना चालू होती, पण हात पुन्हा पेटीमागे गेला. म्हणून पिस्तूल विहिरीत टाकलं.

हे पत्र तुला पाठवणार नाही. वाचून तू धावत येशील, आणि रिकाम्या हाताने येणार नाहीस.

तुझी धाकटी