उताराचं घर

प्रिय प्रफुल्ल,

हे पत्र हातात आलं की आधी पोटभर हसून घे. व्हॉट्सॲपच्या दिवसांत ही बाई जाड कागदावर ठिपके टोचत बसलीय, हिला काही उद्योग नाही, असं तू म्हणणार हे मला ठाऊक आहे. पण फोनवर लिहिलं असतं तर तुझ्या फोनने ते तुझ्या वहिनीसमोर खणखणीत आवाजात वाचून दाखवलं असतं. बोलून सांगावं तर आमच्या भिंती कुडाच्या, इकडचा शब्द तिकडे. ब्रेल वाचणारं तुमच्या घरात तुझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून निवांतपणे लिहिते आहे. आपल्या ठिपक्यांच्या टपालाला तिकीटही लागत नाही, तेव्हा कंजूषपणा न करता लांबलचक लिहीन.

मोठी बातमी ही की माझं घरकुल पुरं झालं. माझ्या नावाचं. भाऊ दसरूच्या नाही, आईच्याही नाही. दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या घरांतून ते मंजूर झालं, तेव्हा इंजिनिअर साहेब नकाशा घेऊन आले. त्यात पायऱ्या नव्हत्या, दाराशी उतार होता आणि संडासात धरायला लोखंडी दांडा. मी म्हटलं, साहेब, माझे पाय धडधाकट आहेत, घोळ डोळ्यांचा आहे. ते म्हणाले, दिव्यांगांचा नकाशा हाच आहे बाई. मग मंगरू मिस्त्रीने इतकं मन लावून उतार बांधला की चाकाची खुर्ची सोड, बैलबंडी चढेल त्यावर. सध्या शेळ्या चढतात, आणि गुडघे धरून माझी आई चढते, वर म्हणते की सरकारले माहीत होतं. मी मंगरूकडे एवढंच मागितलं होतं की चुलीमागची फळी माझ्या खांद्याच्या उंचीवर हवी आणि कोपरे घोटून गोल कर. तेही त्याने केलंय. भिंतीवरून हात फिरवत मी सगळं घर पाहून आले. सिमेंटचा वास अजून गेलेला नाही, पण मला तो आवडतो.

आता त्या घरात राहायचं कोणी, यावर पाऊस संपल्यापासून आमच्याकडे कटकट चालू आहे. आईने ठरवलंय की नव्या धानाच्या सणाला दसरू बायकापोरांसह पुढच्या खोलीत जाईल आणि मी मागच्या खोलीत. मी नाही म्हटलं तर ती म्हणाली, “एकटी बाई नवीन घरात चूल पेटवत नाई. दसरू तुले सांभाळते ना, तुले अजून का पाहिजे?” दसरू वाईट नाही रे. मी आपल्या अंधशाळेच्या हॉस्टेलातून सुटीला यायचे तेव्हा बसस्टॉपपासून पाठीवर बसवून आणायचा. पण त्याच्या घरात गुळाचा डबा कुठे आहे हे मला आजही माहीत नाही, कारण वहिनी डबे हलवते आणि मागितलं ते हातात आणून देते. प्रेमाने देते, म्हणून भांडताही येत नाही. यंदा मात्र मी भांडले. घर माझं आहे, मी त्यात एकटी राहीन, असं सगळ्यांसमोर बोलले. सण आता अगदी तोंडावर आहे आणि आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

ऑफिसचं विचारशील तर तिथेही प्रेमाशीच झगडा होता. राखीव जागेवर लिपिक म्हणून लागले, तर मला पंख्याखाली खुर्ची दिली, वेळेवर चहा दिला, काम काही दिलं नाही. बाई, तुम्ही आराम करा, एवढंच. शेवटी मीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं की बसून पगार घ्यायला मला लाज वाटते. त्यांना आधी राग आला, मग कसनुसं झालं असावं, कारण पुढे त्यांनीच धडपड करून बोलणारा कॉम्प्युटर मागवला. आता आवक-जावक टपाल माझ्याकडे आहे. चुका होतात, बोलणीही बसतात. पहिल्यांदा बोलणी बसली त्या दिवशी मी घरी येऊन कोंबडी शिजवायला लावली होती.

आणखी एक सांगायचं आहे. आमच्या गावात इतवारी नावाची पोरगी आहे, जन्मापासून दृष्टी नसलेली, जिभेची तिखट. तिला कुठेही दूर न पाठवता गावच्याच शाळेत घेतलंय. आठवतं का, आपल्याला हॉस्टेलात सोडून माणसं परतली तेव्हा तू रडला नाहीस आणि मी तुझ्या सदऱ्याला नाक पुसलं? इतवारीला ते करावं लागणार नाही. ती शाळेतून घरी येऊन आईच्या हातची आंबील पिते, याचा मला आनंद होतो आणि थोडा हेवाही वाटतो. पण ब्रेल शिकवणारे सर मोटारसायकलवर आठवड्यातून एकदाच येतात. बाकीचे दिवस ती कोऱ्या कागदावर बोटं फिरवत बसते. संध्याकाळी मी शिकवते, पण माझा हात तुला माहीत आहे, सगळे ठिपके तिरके. शाळेचे गुरुजी म्हणत होते, कोणी रोज बसणारं मिळालं तर थोडंफार मानधन मिळवायचा प्रयत्न करू. मला तेव्हाच तुझी आठवण झाली. आपल्या वर्गात तुझ्यासारखं वाचणारं कोणी नव्हतं, आणि आज घुग्घुसला तुझा भाऊ कोळशाच्या खाणीत पाळीवर गेला की तुझी वहिनी बाहेरून कडी लावून बाजारात जाते, ट्रकांच्या रस्त्यावर तू निघू नयेस म्हणून. तू ते मला हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही, रात्रभर चीड येत राहिली.

परवा कामापुरतं बोलणाऱ्या आईने तांदूळ निवडता निवडता विचारलं, “तो फोन करते तुले प्रफुल्ल, त्याचे देव किती?” मी म्हटलं, सहा. आमचे सात. आपल्यात कुळाच्या देवांची संख्या सारखी असली की माणसं भाऊबंद होतात आणि सहा-सातांत सोयरीक होते, हे तुला नव्याने सांगायला नको. तिचं सूप थांबलं. मग एवढंच म्हणाली की जावई घरी राहायला आला तर आपल्यात कोणी हसत नाई.

तेव्हा आता सरळ विचारते, कारण आडून विचारणं मला कधी जमलं नाही. माझ्या घरी येशील का, माझा नवरा म्हणून? सणाआधी कळव. दयेपोटी हो म्हणू नकोस, आणि भावाच्या घरातून सुटका हवी म्हणूनही नको. नाही म्हणालास तर मी खूप रडेन, आणि तरी सणाच्या दिवशी त्या घरात जाऊन माझी चूल मीच पेटवीन. पण तुझ्यापासून एक गोष्ट लपवत नाही. गावभर मी सांगत सुटलेय की मला एकटीने राहायचं आहे, आणि ते खरं नाही. मी भांडले ते एकटं राहायला नव्हे, प्रफुल्ल. तुला ‘ये’ म्हणायला मला माझं घर हवं होतं.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
करिश्मा