छतावरची ताटली

वणी

सौ. पंचफुलास सप्रेम जयभीम.

मी लेकीकडे खुशाल आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहितो. शेजारच्या निकिताकडून वाचून घे.

कोळशाच्या धुळीनं कोणत्या गल्लीत किती दम लागतो, याचा नकाशा काढायला इथं कॉलेजच्या मुली आल्या होत्या. धूळ मोजायला त्यांनी लेकीच्या छतावर पांढरी ताटली ठेवली. माझी खोड तुला ठाऊक आहे. मी ती रोज धुऊन ठेवली.

नकाशात आपली गल्ली स्वच्छ म्हणून हिरवी आली. धूळ बसवायला पाणी मारणारा टँकर फक्त धुळीच्या, लाल गल्ल्यांत फिरणार आहे. लेक म्हणाली, "बाबा, आता आपल्याकडं टँकर कायले येईन?" आपला नातू धम्मदीप धुळीनं झोपेत घरघरतो. मला जेवण गेलं नाही.

सकाळी जाऊन मुलींना खरं सांगितलं. एक हसून म्हणाली, "आजोबा, टँकरपेक्षा तुम्हालेच गल्लीगल्लीत फिरवावं लागते." त्यांनी नवी ताटली ठेवली.

धम्मदीप आता बरा आहे, रात्री एकदाच उठतो. तू डोळ्यात औषध टाकतेस ना? शेळी व्याली का?

मी छतावर बसून कावळे हाकलतो, ताटलीला हात लावत नाही. ती इतकी काळी झाली आहे की ती घेऊन आलो असतो तर तू मला घरात घेतलं नसतंस. मला मात्र पाहून बरं वाटतं.

तुझा
उकंडा