डॉक्टर म्हणाले की...

॥ श्री ॥

अहो, साष्टांग नमस्कार.

पार्सल मिळालं. चष्मा, जपमाळ आणि लोकरीचे मोजे, सगळं नीट आहे. पण टपालखर्च मोज्यांपेक्षा जास्त! आधी फोनवर विचारायचंत. पण फोन लागेल तर ना!

लेकीचं घर तळघरात, रेंजचं नाव नाही. म्हणून तिने माझ्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं. पासवर्ड चुकला, मायलेकी एकमेकींवर खेकसलो, तेव्हा कुठे काल तुमचा आवाज आला. तुम्ही म्हणालात, "अगं, डॉक्टर म्हणाले की..." आणि फोन मुका!

लेक धावत आली. "आई, वाय-फायचा डबा कोणी बंद केला?"

"मी. उगाच लुकलुकत होता, वीज खात होता."

"अगं, त्याच्यातूनच तर बोलत होतीस!"

आता हे मला काय स्वप्नात कळणार? तेव्हापासून डबा रुसलाय. लेक रस्त्यावर जाऊन फोन लावते, तर तुमचा बंद. चार्ज करता ना? जेवता ना वेळेवर?

देवापुढे दिवा लावलाय, पण जीव थाऱ्यावर नाही. डॉक्टर काय म्हणाले ते उलट टपाली कळवा. काटकसर माझ्याकडे असू दे, तुम्ही शब्दांची करू नका. वाक्य पूर्ण लिहा.

तुमचीच,
सौ.